व्हेरानी आणि मेहेंदळ्यांचा गुडघा

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर गोपाळकृष्ण मेहेंदळे राहतात. पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची नोकरी झाली, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं लोटली. मालकीची म्हणाल तर एक स्कूटर. मतं मात्र जगातल्या झाडून सगळ्या मोटारींबद्दल आहेत, आणि ती कुणी विचारण्याची ते वाट बघत नाहीत.

या सगळ्या मोटारींत त्यांची लाडकी एकच. व्हेरानी. इटलीत बनणारी, दोन माणसांची, जमिनीलगत पळणारी स्पोर्ट्स कार. मेहेंदळ्यांच्या हॉलमध्ये त्यांनी स्वतः पेन्सिलीनं काढलेलं जुन्या व्हेरानीचं चित्र फ्रेम करून लावलंय. पाहुण्याला पाणी मिळण्याआधी बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत बोट फिरवून त्याला विचारलं जातं, ही रेघ कुठे तुटते का बघा. पाहुणा नाही म्हणतो. तुटते म्हणणाऱ्याला पुढे चहा मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तर या व्हेरानीचं कंपनीनं नवं रूप काढलं आणि मेहेंदळ्यांच्या घरावर सुतकी कळा आली. गोल दिवे जाऊन तिथे दोन चिरा आल्या. पुढची जाळी दाढ दाखवायला उघडलेल्या तोंडाएवढी झाली. गिअरचा दांडा गेला, त्याच्या जागी बटणं आली. समोर टीव्हीएवढा पडदा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे इंजिनाचा आवाज म्हणे आता आतल्या स्पीकरमधून ऐकवतात. सुनेनं सासूची पैठणी कापून खिडक्यांना पडदे शिवावेत तसा हा प्रकार आहे, असं मेहेंदळे म्हणाले. रोज सकाळी आम्ही चार-पाच जण टेकडी चढून येतो आणि खाली टपरीवर चहा घेतो, तिथे हे सगळं महिनाभर चाललं होतं. शेवटी एकदा कप खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, "ही गाडी कुणी दारात आणून उभी केली, तरी मी तिच्यात पाय ठेवणार नाही."

मी ते वाक्य नीट जपून ठेवलं. मेहेंदळ्यांची अशी वाक्यं जपून ठेवावीत, कधीतरी उपयोगी पडतात.

गंमत अशी की नावं ठेवायची म्हणून त्यांनी या गाडीबद्दल जेवढं वाचलं, तेवढं ती बनवणाऱ्यांनीही वाचलं नसेल. कोणतं बटण कुठे, कोणत्या वेगाला मागचा पंख उघडतो, सगळं पाठ. फोनवर तिचे व्हिडिओ बघताना तोंडानं "हॅट" म्हणायचे आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावायचे. हे मला त्यांच्या पत्नीनं, श्यामलाबाईंनी सांगितलं. श्यामलाबाई कमी बोलतात. त्या घरात बोलण्याचं काम आधीच कुणीतरी घेतलेलं आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर संभाजी राहतो. मूळचा हिंजवडीचा. शेताच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि मुलीचं कॉलेज जवळ पडावं म्हणून त्यानं इथे फ्लॅट घेतला. पार्किंगमध्ये गाठ पडली की मेहेंदळे त्याला जुन्या व्हेरानीचं पुराण ऐकवायचे आणि तो हात मागे बांधून ऐकत राहायचा. आम्हाला वाटायचं, बिचारा भिडेखातर ऐकतोय. तो मनावर घेत होता.

दसऱ्याच्या सकाळी आमच्या फाटकाशी एक लालभडक व्हेरानी येऊन थांबली. नवी. आत संभाजी, शेजारी त्याची बायको प्रेमला. थांबली याचं कारण असं की फाटकातच आमचा गतिरोधक आहे. त्याची उंची ठरवताना मेहेंदळे चेअरमन होते, त्यामुळे त्याला गतिरोधक कमी आणि बांध जास्त म्हणावं लागेल. गाडीचं पोट त्यावर टेकणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. वॉचमन फळी शोधायला गेला. बिल्डिंगमधली सगळी माणसं खाली जमली आणि ज्यानं त्यानं आपापला सल्ला दिला. मी पुढची जागा धरली, कारण मला गाडीपेक्षा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत रस होता.

मेहेंदळे गॅलरीत उभे होते. रुसलेल्या व्याह्यासारखं तोंड, हात कठड्यावर. दोन मिनिटं त्यांनी कळ काढली. मग वरून आवाज आला, "संभाजीराव, डाव्या हाताला वरून तिसरं बटण. दाबा. नाक वर येतं."

संभाजीनं दाबलं. गाडीनं खरोखरच नाक वर केलं आणि ती बांध ओलांडून आत आली. सगळ्यांनी वर बघितलं. मेहेंदळे म्हणाले, "कुठेतरी वाचलं होतं," आणि आत गेले.

पूजा सुरू झाली. प्रेमलानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली. आता नारळ. संभाजीनं नारळ हातात घेतला आणि चाकाला खेटून ठेवलेल्या दगडावर फोडायला वाकला, तोच जिन्यातून मेहेंदळे धावत आले. त्यांचं म्हणणं असं पडलं की करवंटीचा एक तुकडा उडाला तर रंगाचा टवका जाईल, आणि हा रंग सात थरांचा असतो. दगड त्यांनी स्वतः उचलून पार भिंतीपाशी नेला. नारळ तिथे फुटला. मी विचारलं, "अहो, बिघडवलेली गाडी ना? मग एक टवका जास्त गेला तर काय?" त्यावर ते काहीतरी पुटपुटले. त्यात माझं नाव होतं.

पेढे झाले आणि संभाजी त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. उजव्या बाजूला स्टिअरिंग, डाव्या बाजूचं दार सताड उघडं.

"काका, तुमचं ऐकून ऐकून ही घेतली हाय. आमच्यात ज्याच्यामुळं वस्तू घरात येती, त्यानं पयलं बसायचं असतंय. बसा."

आमची सगळी टपरीची मंडळी तिथे होती. मेहेंदळ्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही आकाशाकडे बघितलं. ते म्हणाले, आधी प्रेमलाताईंना बसवा. संभाजी म्हणाला, ती शोरूमपासून बसूनच आली, पण ते काय खरं बसणं नव्हे. ते म्हणाले, लक्ष्मीचा मान असतो. तो म्हणाला, तुमी बसल्याशिवाय आमी घरात जेवत न्हाय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मेहेंदळे ऐन तरुणपणी कारखान्यात असताना तिथे आलेल्या एका परदेशी इंजिनिअरकडे जुनी व्हेरानी होती. ती त्यांनी आवारात पाहिली, हे ते आम्हाला कैकदा सांगत आले आहेत. त्या इंजिनिअरनं दार उघडून "चल, बस" म्हटलं होतं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ते श्यामलाबाईंकडून कळलं. मेहेंदळे तेव्हा म्हणाले होते, "नको, हाताला शाई आहे." गाडी निघून गेली. पुढे आयुष्यभर हात धुऊन बसले, पण पुन्हा कुणी दार उघडलं नाही. आता उघडलं होतं, तर मध्ये त्यांचं स्वतःचंच वाक्य आडवं पडलेलं.

मला वाटलं होतं, बसतील आणि मला दिवाळीपर्यंत पुरेल एवढा फराळ मिळेल. किंवा बसणार नाहीत आणि मग ती गोष्ट त्यांना कायमची सलत राहील. दोन्हींत माझी करमणूक होती, असं मी कबूल केलेलं बरं.

"तुमचं जेवण माझ्यामुळे अडायला नको," मेहेंदळे म्हणाले आणि बसले.

बसले म्हणजे खाली गेले. ती सीट जवळजवळ जमिनीलाच टेकलेली. प्रेमलानं ओवाळलं, पेढा दिला. बसण्याचा मान झाला, आता उतरायचं. ते उतरेनात. बसल्या जागेवरून त्यांनी गाडीला नावं ठेवायला सुरुवात केली. पडदा फार झगझगीत. शिवण सरळ, पण दोरा बटबटीत. दाराच्या कडीला वजन नाही. प्रत्येक दोष सांगताना त्या त्या वस्तूवरून त्यांचा हात असा फिरत होता की बघणाऱ्याला संकोच वाटावा. इकडे चहा ओतून झाला होता. संभाजी म्हणाला, काका, उतरा, चहा गार होतोय.

मेहेंदळ्यांनी डावा पाय बाहेर काढल्यासारखं केलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "गुडघा धरला."

झालं. सगळी सोसायटी त्या गुडघ्यावर धावून आली. कुणी तेल आणायला पळालं, कुणी काखेत हात घालून ओढू या म्हणालं. वॉचमन मघाची फळी घेऊन आला. मी नुसता त्या गुडघ्याकडे बघत होतो. हा माणूस त्याच दिवशी सकाळी माझ्या पुढे पंचवीस पावलं टेकडी चढून गेला होता आणि वर जाऊन मला दम लागला म्हणून टोमणा मारला होता. घरी रोज पाटावर मांडी घालून जेवतो. त्याचा गुडघा धरला असेल, तर माझे दोन्ही गेल्या जन्मीच गेलेले असणार.

तेवढ्यात श्यामलाबाई खाली आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, त्यांचा एकदा धरला की लवकर सुटत नाही."

संभाजी घाबराघुबरा झाला. असंच गाडीतून दवाखान्यात नेतो म्हणाला. मेहेंदळ्यांचा चेहरा उतरला. दवाखाना तीन चौकांवर आहे, आणि तिथला डॉक्टर त्यांना चांगला ओळखतो. ते घाईनं म्हणाले, दवाखाना नको, थोडी हालचाल झाली की आपोआप मोकळा होतो.

"हालचाल कुणाची? गाडीची?" मी विचारलं.

"रस्ता वळणांचा असला तर बरं," ते माझ्याकडे न बघता संभाजीला म्हणाले. "कात्रजचा जुना घाट, उदाहरणार्थ."

गाडी नाक वर करून फाटकाबाहेर गेली.

पुढचं मला संभाजीनं नंतर सांगितलं. कात्रजच्या चौकापर्यंत काका तक्रारच करत होते. पडद्याची, बटणांची, आणि त्या स्पीकरमधल्या खोट्या आवाजाची. घाट लागला तसे ते म्हणाले, तो आवाज बंद करता येतो. पडद्यावर चार ठिकाणी बोट लावून त्यांनीच तो बंद केला. काचा खाली केल्या. मग पहिल्या चढाला संभाजीनं पाय दाबला आणि इंजिन मागून आपल्या खऱ्या आवाजात बोललं. काकांनी मान मागे वळवली. दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणाला ते हसायला लागले, तोंडावर हात ठेवून, वर्गात बाकाखाली लपून हसावं तसे.

"मला वाटलं होतं, मारून टाकली तिला," ते म्हणाले. "आहे. आत आहे अजून."

संभाजीला काही कळलं नाही. त्यानं विचारलं, मग गाडी चांगली घेतली ना मी? काका म्हणाले, दिवे भिकार आहेत, ते भिकारच राहणार, पण पुढचं वळण जरा जोरात घ्या. बोगद्यापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि बाहेर न उतरता नुसते बसून राहिले. संभाजी म्हणाला, "मला वाटलं गुडघा लई दुखत आसंल, म्हून मी बी काय बोललो न्हाय."

इकडे आम्ही चहा संपवून तिथेच थांबलो होतो. घरी जायला कुणीच तयार नव्हतं. माझ्या जिभेवर मेहेंदळ्यांचं ते टपरीवरचं वाक्य तयार होतं. कोणत्या शब्दावर थांबायचं, कुठे खोकायचं, सगळं ठरलं होतं. मी श्यामलाबाईंना विचारलं, तुम्ही मघाशी खोटं का बोललात? त्या म्हणाल्या, "अहो, इतक्या वर्षांनी एकदाचे ते या गाडीत बसले. मी एवढं बोलले तर काय बिघडलं?"

गाडी परत आली. फाटकावर नाक वर, आत आल्यावर खाली. डावं दार उघडलं आणि मेहेंदळे दोन्ही पाय बाहेर टाकून शाळकरी मुलासारखे उठू लागले. केस उडालेले, चेहरा लाल. अर्धे उभे झाले आणि त्यांना आम्ही दिसलो. सगळी टपरी, ओळीनं. ते थबकले. मग हळूच पुन्हा सीटवर टेकले आणि गुडघ्यावर हात ठेवला. चुकीच्या. मघाशी डावा होता.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. असल्या वेळी बोलायचं काम आमच्यात माझं असतं.

मेहेंदळेही माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना सोडलेलं नाही, आज सोडावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. पण त्या तोंडावर घाटातलं हसू अजून पुरतं विझलं नव्हतं, आणि ते विझवायचं काम मला करवेना. मी पुढे झालो, वाकलो आणि म्हणालो, "सांभाळून. घाई करू नका." आणि हात दिला.

त्यांनी तो घट्ट धरला आणि कण्हत कण्हत उठले. हातावर माझ्या भार मात्र काही पडला नाही.