कोठ्याची ओली भिंत

वावरातल्या बैलाच्या कोठ्याची भिंत आम्ही नवराबायको लिपून राह्यलो होतो. मी घमेल्यात शेणमाती कालवून द्यायचो, ती हातानं भिंतीले लावायची. अर्धी झाली तेव्हा टेकडीवरून एक माणूस उतरला, गळ्यात कॅमेरा. म्हणे नागपूरचा आहो, रानातल्या घरांचे काळेपांढरे फोटो काढतो.

मले पटलं नाही. इकडं राजूरच्या बाजूनं कोळशाची खदान आहे. कोणाच्या वावरात फोटोवाला फिरला का मांगून मोजणीवाले येतात, भिंतीवर नंबर टाकतात, मग कोठाही जाते अन् वावरही. गाडी कुठं उभी केली, कोणं पाठवलं, सारं इचारलं. अर्धवट लिपलेल्या कोठ्याचा फोटो, तोही बिनरंगाचा, कोणाले पाह्यजे?

"काढू द्या ना वो," ती म्हणे. "भिंत का खिशात घालून नेते तो?" अन् बाकीचं उद्या लिपू म्हणून हात धुवाले विहिरीवर गेली. तेवढ्यात त्यानं फोटो काढला.

त्याच संध्याकाळी तिच्या छातीत दुखलं. वणीच्या दवाखान्यात नेली, ती वापस आली नाही.

तेरवीनंतर वावरात गेलो तर भिंत वाळून सारी एकाच रंगाची झालती. तिचा हात कुठवर आलता ते कळेना. सून उरलेली लिपाले निघाली, तिले मी भिंतीले हात लावू देला नाही.

थंडीत तो फोटोवाला पुन्हा आला, मोठा फोटो घेऊन. मी पहिले उलटा करून पाह्यला, मांगे नंबर, शिक्का काही आहे का. कोरा होता. तरी इचारलं, खदानीचा तर नाही ना तू? नाही म्हणे.

मग सुलटा केला. टेकडी, कपाशीची पऱ्हाटी, मधात आमचा कोठा. ती कुठंच नाही. मले रागच आला.

"बाई कुठं आहेत?" त्यानं इचारलं. "त्यांनाही दाखवतो."

"मेली," म्हटलं.

चहा काही मी त्याले देला नाही. फोटोतच पाहत होतो. तिनं लिपलेली भिंत ओली होती तेवढी काळी आलती. दारापासून निघालेली काळी कड खुंटीच्या खाली वाकडी होऊन थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो घेऊन वावरात गेलो. भिंतीसमोर धरला, खुंटी पाह्यली, दार पाह्यलं, अन् कोळशानं तिथं रेघ मारली. मग शेणमाती कालवली. तिच्या बाजूले हात न लावता रेघेच्या पलीकडचं लिपाले बसलो, रस्त्याकडं पाहत पाहत, कोणी येते का म्हणून.