नागपूरची संत्री आणि दोन सप्तमांश

माझ्या सहावीच्या वर्गातली तन्वी, माझ्या चपलांचा आवाज जवळ आला की वहीतलं उत्तर खोडून टाकते. बरोबर असलं तरी! बाकीची मुलंही गप्पच. हे मंदाला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "नाताळात नागपूरले ये. आमच्या गटात बस एक दिवस." मंदा माझी कॉन्व्हेंटमधली बाकमैत्रीण, तिकडे माझ्यासारखीच गणित शिकवते. मी नाशिकहून रात्रीची गाडी धरली.

सकाळी स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर माझ्यासारखं नाक पुसत बसाल. रिक्षाचं भाडं आधीच ठरवा. मंदा घ्यायला आली होती; आम्ही आधी कळमन्याच्या फळबाजारात गेलो. तिथे संत्र्यांचे ढीगच ढीग. मंदाने मात्र पाच चांगल्यांबरोबर निवडून निवडून दोन सडकी घेतली. विकणारा म्हणाला, "बाई, चांगली घ्या ना!"

"शिकवाले पाहिजेत," मंदा म्हणाली. त्याने हात जोडले.

नंदनवन भागातल्या एका शाळेच्या वर्गात गट जमतो. सगळे गणिताचे शिक्षक, सुट्टीच्या दिवशी आपणहून येतात. पद्धत अशी: एकाने विद्यार्थी होऊन चुकीचं उत्तर धरून बसायचं. इतरांनी नियम न सांगता ते पटवून द्यायचं. पटेपर्यंत जेवण नाही. त्या दिवशी विद्यार्थी मी.

कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर चुकीभोवती लाल पेन्सिलने इतकं सुबक वर्तुळ काढायच्या, की चूकही नटल्यासारखी दिसे. तरी तो लाल रंग मला आजही नकोसा वाटतो. फळ्यावर मी मुद्दाम चुकीचं लिहिलं. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन सप्तमांश.

"लसावि काढ, पोरी!" वानखेडे सर ओरडले. हे गटातले सगळ्यात ज्येष्ठ.

"काहून?" मी विचारलं. 'का'साठी हा शब्द मंदाने पढवला होता.

"छेद सारखे करा लागते."

"काहून?"

मी टेबलावर संत्री मांडली. तीनांत एक सडकं, चारांत एक सडकं. एकत्र केली. सातांत दोन सडकी. झाले की नाही दोन सप्तमांश?

मग सगळे एकदम बोलू लागले आणि प्रत्येकाच्या तोंडी लसावि. बाहेर सावजी रस्सा गार होत होता. सर लाल झाले. "उद्या पालकांना घेऊन ये!"

मंदा तत्काळ पदर खोचून उठली. "मी तिची माय. माझ्या पोरीले काहून ओरडून राहिले, सर? संत्री मोजता येत नाही का तुमाले?"

"बाई, तुमची पोरगी हुज्जत घालते!"

"मंग उत्तर द्या ना तिले!"

मला हसू आवरेना, आणि मधेच डोळे भरून आले. माझ्या चुकीसाठी कोणीतरी भांडत होतं. पन्नाशी उलटल्यावर!

शेवटी सरांनी दोन्ही सडकी संत्री खिडकीबाहेर फेकली. "आता सडकं काहीच नाही. चला जेवाले." एकमताने मंजूर. सावजी फार तिखट असतं, सोबत दही असू द्या. निघताना सर म्हणाले, "शीलाताई, पोरांले विचारा. आमाले तर नाही जमलं."

घरी आणलेली संत्रा बर्फी दोन दिवसांत संपली. शाळा उघडल्यावर मी फळ्यावर तेच लिहिलं, टेबलावर तशीच संत्री मांडली आणि ठामपणे म्हटलं, "दोन सप्तमांश."

तन्वीच्या हातात खोडरबर होता.

"मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "चुकलं तुमचं."

"काहून?"

वर्ग खदखदून हसला. तन्वी पुढे आली, तिने एक संत्रं सोललं. "ह्याचा एक तृतीयांश मी खाल्ला. मग ह्याचाच आणखी एक चतुर्थांश खाल्ला. दोन सप्तमांश तर एक तृतीयांशाहूनही कमी आहे. जास्त खाऊन कमी कसं होईल?"

मी लाल खडू उचलला आणि माझ्याच उत्तराभोवती वर्तुळ काढलं. सिस्टरांइतकं सुबक नाही आलं. तन्वी तोंडात फोड कोंबून बघत होती. खोडरबर बाकावरच राहिला होता.