संध्याकाळची गोळी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. शेगावच्या मंदिरात हात जोडून उभी राहते, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा हे टाळून बाकीचंच बोलते. मग तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव सांगते — त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी भोचक आहे. लहानपणी जानेफळला आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की आई मला दंडाला धरून आत ओढायची. "काऊन वं, तुले काय करायचं हाये?" मला काहीच करायचं नसे. मला फक्त कळायला हवं असे. कोण आलं, काय बोललं, मग काय झालं? हाच स्वभाव घेऊन मी नर्स झाले, आणि नोकरी लागली ती अशा ठिकाणी, जिथली माणसं इतर कुणालाच ऐकू न येणारं ऐकतात. माझी चंगळच झाली म्हणा ना.

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात येणाऱ्यांना दारूचं व्यसन असतं आणि मनाचा आजारही असतो. दोन्ही एकमेकांत असं गुंतलेलं, की घरचे म्हणतात दारूनं डोकं फिरलं, आणि पेशंट म्हणतो, डोकं शांत व्हावं म्हणूनच पितो. आधी कोणतं आलं? मी प्रत्येकाला विचारायचे. विचारणं माझं कामच होतं — निदान तसं म्हणता यायचं.

सुखदेवभाऊ वरवट बकालचे. पाण्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचे, नवीन तार भरून द्यायचे. त्यांना दोन आवाज ऐकू येत, एक म्हाताऱ्याचा, एक बाईचा. दोघं मिळून दिवसभर भाऊंची निंदा करत. "पेलो का चूप बसते दोघं," ते मला म्हणाले होते, "नाहीतं झोपू नाही देत." डॉक्टरांनी संध्याकाळची एक गोळी सुरू केली. हळूहळू आवाज बारीक झाले आणि दारूची ओढही कमी झाली. भाऊ पोटभर जेवू लागले, स्वतःहून दाढी करू लागले. मी त्यांना एक युक्तीही शिकवली होती. आवाज काही बोलले की मोठ्यानं म्हणायचं, हा आजार बोलतोय, हे खरं नाही. ते अगदी मन लावून म्हणायचे. मला फार कौतुक वाटायचं, त्यांचं आणि माझंही.

मग एका दुपारी ते सहज बोलून गेले, "तुमच्याबद्दल बी बोलते ते, सिस्टर."

"काय बोलतात?"

"आता बराबर आयकू नाही येत. गोळीनं आवाज लय बारीक झाला त्याइचा."

सांगा, तुम्ही काय केलं असतं? — नाही, हे विचारणं बरोबर नाही. तुम्ही तसं केलं नसतं.

त्या संध्याकाळी मी त्यांची गोळी ॲप्रनच्या खिशात टाकली आणि तशीच दिसणारी जीवनसत्त्वाची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आमच्याकडे गोळी दिल्यावर तोंड तपासायची पद्धत आहे, कारण काहीजण ती गालात धरून नंतर थुंकतात. भाऊ तोंड उघडायचे, जीभ वर उचलायचे, आणि मी वाकून बघायचे. त्यांनी मला फसवलं नाही ना — हे मी बघत होते!

रोज दुपारी मी विचारायचे, "आज बोलले का काही?" ते नुसती नाही म्हणून मान हलवायचे. डोळे तांबारलेले, ताटातली भाकर तशीच. हे मला दिसलं. कशामुळे आहे हेही कळलं. तरी मी आणखी एक दिवस थांबले. एवढं जवळ आलंय, आता कशाला सोडायचं — असंच वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास केंद्राच्या बोअरची मोटार जळाली. भाऊ म्हणाले, मी करतो. तार आणायला त्यांना चौकीदाराबरोबर बाजारात पाठवलं. त्याची नजर चुकवून ते दारूच्या दुकानात गेले, आणि नंतर आपणहून परत आले. झोकांड्या खात, पण तारेचं बंडल छातीशी नीट धरून.

आमचा नियम होता, आत राहून जो प्यायला त्याची खाट गेली. त्यांची बायको ऑफिसात साहेबांपुढे रडत होती. "एक डाव माफ करा, साहेब. घरी कसं सांभाळू मी याइले? दुसरीकडे कोनी घेत नाही." मी दारात उभी होते. एका वाक्याचं काम होतं — यांची गोळी मी बंद केली होती. तेवढं बोलले असते तर खाट राहिली असती. मी बोलले नाही. वळले आणि वहिनींसाठी पाणी आणायला गेले. नोकरीची भीती होतीच. पण त्याहून जास्त वाटलं, की लोक माझ्याबद्दल काय बोलतील? म्हणजे पुन्हा तेच की नाही?

भाऊंचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. वरवटची माणसं आमच्याकडे अजून येतात. जगाच्या चौकशा करणारी मी, ही एक चौकशी कधी केली नाही.

जाताना ते फाटकाशी थांबले. नशा उतरली होती. "माफी द्या, सिस्टर. तुमी एवढं केलं माह्यासाठी." मग खाली बघत म्हणाले, "तुमी इचारत होत्या न, ते काय बोलते म्हनून? मले सांगाची लाज वाटे. ते म्हनत, हे बाई तुही गोळी बदलून राह्यली. सारखं तेच. मी म्हनलं, आजार बोलून राह्यला, हे खरं नाही. लय डाव म्हनलं. आयकेच ना. मंग त्याइचं तोंड बंद कराले पेलो."

मी गार पडले. आणि तरीही — त्या क्षणीसुद्धा — माझ्या मनात आलं, आवाजांना कसं कळलं? भाऊंच्या बोटांनी गोळीतला फरक ओळखला असेल का? आणि मनानं ते सरळ न सांगता त्या दोघांच्या तोंडी घातलं असेल?

"आजारच व्हता न, सिस्टर?"

ते माझ्याकडे बघत होते.

"हो भाऊ," मी म्हटलं, "आजारच होता."

त्यांना बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं ते. मग बायकोच्या हातातली पिशवी घेऊन ते रस्त्याला लागले.