कांचघर तीन, एक कमी

मांजर आडवं गेलं तर मी त्यालाच "चल, बाजूला हो" म्हणते. भुताखेतांचे किस्से कोणी सांगायला लागलं की मध्येच प्रश्न विचारून त्याचा रसभंग करणारी आमच्या घरात मीच — किती वाजले होते? दुसरं कोणी ऐकलं का? तुम्ही आदल्या दिवशी जेवलात काय? त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण त्या गोष्टीला तीन वर्षं झाली, आणि माझ्याच प्रश्नांची उत्तरं मला देता येत नाहीत. तेव्हा जसं झालं तसं सांगून टाकते.

आम्ही जबलपूरचे. आजोबा नागपूरकडून इथे नोकरीला आले, मग राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडेच राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी... भाषेत कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. मी एका पॅथॉलॉजी लॅबचं ऑफिस बघते. नाव सांगत नाही. मुख्य लॅब नेपियर टाउनला, आणि चेरीताल व कांचघर इथे रक्ताचे नमुने घ्यायची दोन छोटी सेंटर्स. तिन्ही मिळून वीस माणसं. ही वीस माणसं आपापल्या जागी आली की नाही, यावर लक्ष ठेवणं माझं काम.

माझ्याआधी हजेरी रामटेके काका घ्यायचे. सायकलच्या कॅरिअरला लांबोडकं रजिस्टर बांधायचं, आधी नेपियर टाउन, मग चेरीताल, शेवटी कांचघर. तोंड पाहिल्याशिवाय कोणाची हजेरी लावायचे नाहीत. आणि कोणी आलं नसेल तर नुसती फुली मारून त्यांचं भागायचं नाही. कारण शोधून बारीक अक्षरात लिहायचे — 'ताप', 'पोरीचा पेपर', 'सासू आली'. कारण कळलं नाही तर त्या माणसाच्या घरी जाऊन यायचे. मग दहाच्या सुमारास कांचघरहून ऑफिसच्या लँडलाइनवर मला फोन. "नेपियर टाउन अकरा, चेरीताल पाच, कांचघर चार. लिही, बाई." नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

मी चिडवायची. "काका, हजेरी घेता की जनगणना करता?"

"हास, हास. माणूस नाही आला हे तर भिंतीलेही दिसते. काहून नाही आला, ते पाहा लागते."

मला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटायचा. काका रिटायर झाले आणि पुढच्याच महिन्यात मी मोबाइलचं ॲप आणलं. सेंटरवर पोचायचं, आपल्या फोनवर आपला पिन टाकायचा, की माझ्या स्क्रीनवर नावापुढे हिरवा ठिपका. तीनदा लेट झालं की अर्ध्या दिवसाची रजा कापली जाणार, हा नियमही माझाच. वीस हिरवे ठिपके एका ओळीत दिसले की मला फार बरं वाटायचं... कांचघरचा लँडलाइन तर आम्ही काढूनच टाकला. काय गरज होती?

वर्षभरात काकांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा पूर्ण गेली. ते चेरीतालला लेकीकडे असतात. मी दोनदा जाऊन आले, मग कामात राहून गेलं. खोटं कशाला बोलू?

तर ती डिसेंबरातली सकाळ. बाहेर लख्ख ऊन, रिसेप्शनवर पेशंटची गर्दी. माझ्या समोरच्या टेबलावर पूजा रिपोर्ट लावत होती. दहा वाजून गेले असतील, आणि टेबलावरचा लँडलाइन वाजला. त्यावर आता क्वचितच फोन यायचा. मी उचलला.

"नेपियर टाउन अकरा. चेरीताल पाच. कांचघर तीन. एक कमी."

मी पेन उचललं होतं! खरंच सांगते, इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला. मग तोच आवाज, जरासा रागावलेला —

"लिहून काय राहिली? पाह्य ना."

आणि फोन बंद.

"मॅडम, किसका फोन था? चेहरा क्यों उतर गया?" पूजानं विचारलं. म्हणजे घंटी तिनेही ऐकली होती. रामटेके काकांना साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं, तर हा फोन कोणाचा?

मी स्क्रीन पाहिली. कांचघर, चारही ठिपके हिरवे. मग मला राग आला. कोणीतरी काकांची नक्कल करून माझी फिरकी घेतंय, आणि नक्कल तीही एका आजारी माणसाची! ओरडण्यासाठीच मी कांचघरच्या रिंकूला मोबाइल लावला. ती तिथे शटर उघडते.

"चारों हैं मॅडम," ती म्हणाली. "शीला दीदी होम कलेक्शन पे गई हैं."

शीलाताई आमची सगळ्यात जुनी रक्त घेणारी. रडकं लेकरूही तिच्यापुढे हात करतं. नवरा नाही, लेक नागपूरला, कांचघरलाच एकटी राहते. डायबेटिस आहे, इन्शुलिन घेते.

"कोणाच्या घरी गेली?" मी विचारलं.

मी पुन्हा विचारलं आणि ती रडायलाच लागली. शीलाताईला माझ्या ॲपची धास्ती होती. दोनदा लेट लागला होता, तिसऱ्याला रजा गेली असती. लेकीच्या बाळंतपणासाठी ती एकेक रजा जपून ठेवत होती. म्हणून तिचा ॲपवाला फोन सेंटरच्या ड्रॉवरमध्येच राहायचा, आणि शटर उघडलं की रिंकू तिचाही पिन टाकायची. दहा-पंधरा मिनिटांत दीदी यायचीच. घरी तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता. त्या दिवशी ती आली नाही, तेव्हा रिंकूला वाटलं की परस्पर कोणा पेशंटच्या घरी गेली असेल. प्रेमापोटीच केलं सगळं. पण त्यामुळे शीलाताईला काही झालं असेल अशी शंका जगात कोणालाच आली नव्हती.

बटणांचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

मी स्कूटर काढली. नेपियर टाउन ते कांचघर त्या दिवशी मी कशी गेले ते आठवत नाही, एवढंच आठवतं की सगळा रस्ता मी स्वतःला शिव्या देत होते. रिंकू आधीच दारात पोचली होती. आतून कडी. शेजारच्या भैयांनी खांदा लावून दार तोडलं. शीलाताई स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेली, घामानं चिंब, शुद्ध नाही. इन्शुलिन घेतलं होतं आणि खायचं राहिलं होतं — ओट्यावर पोहे नुसतेच भिजवून ठेवलेले. रिंकूनं बोट टोचून शुगर पाहिली. इतकी कमी, की ती तशीच ऑटो आणायला धावली. आम्ही शीलाताईला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. "आणखी तासभर गेला असता तर..." डॉक्टरांनी पुढचं वाक्य पुरं केलं नाही.

सलाइन लागल्यावर दुपारी तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पहिलं वाक्य काय बोलली?

"मॅडम, आजचा लेट नका लावू ना."

मी तिथे, वॉर्डात, सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले. ऑफिसात माझा दरारा आहे म्हणतात. त्या दिवशी तो गेला तो गेलाच, आणि बरंच झालं.

दोन दिवसांनी मी चेरीतालला काकांकडे गेले. लेकीला, सरिताला, आधी बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "ताई, बाबाले तर कपही धरता येत नाही. आणि त्या दिवशी सकाळी मी तिथंच बसून त्यायले भरवून राहिली होती." फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या लँडलाइनवर आलेल्या नंबरांची यादी दिसते, ती मी त्याच दिवशी पाहिली होती. सकाळी नऊपासून दुपारपर्यंत एकही नंबर नाही.

मी काकांजवळ बसले आणि सगळं सांगितलं. अगदी पिनपासून पोह्यांपर्यंत. ते डोळे न हलवता ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी डावा हात हळूहळू तोंडाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. मला लगेच समजलं.

"हो काका, शीलाताई जेवते आता नीट. लेक आली आहे नागपूरहून."

त्यांनी डोळे मिटले. मग मी धीर करून विचारलंच, "काका, फोन तुम्ही केला ना?"

त्यांनी मान हलवली. नाही. अगदी स्पष्ट — नाही. उलट माझ्या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

"मग कोणी?"

डावा हात पुन्हा उचलला गेला. बोट वळलं आणि माझ्याकडे आलं. तू.

सरिता म्हणते, तू वेळेवर गेलीस असं बाबाले म्हणायचं आहे. माझे यजमान म्हणतात, इतकी वर्षं त्या माणसाचा आवाज ऐकलास, तुझ्याच मनानं तो काढला. असेल. पण मनाची घंटी पूजाला कशी ऐकू आली? आणि माझ्या मनाला तरी कुठून कळणार होतं? मी त्या सकाळी काही ओळखलं नव्हतं, मला कसलीही चुटपुट लागली नव्हती. चहा पीत मी स्क्रीनकडे बघत होते, शीलाताई तिकडे जमिनीवर पडली होती, आणि माझ्या हिशेबी वीसच्या वीस माणसं हजर होती.