शेवटच्या तारखेची केवळाबाई

भुजंग परभणीतल्या एका खाजगी नर्सिंग शाळेत कॉम्प्युटर चालवायचा. अर्जांचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला. त्र्याण्णव साली राणीसावरगावची केवळाबाई अगदी शेवटच्या तारखेला अर्ज देऊन गेली, अन् यादीत तिचं नावच न्हाई! वयामुळं पुढच्या साली तिला अर्जच करता येणार नव्हता.

"मी तारखेच्या आत आल्ते की, दादा."

शाळेचे साहेब हसले, "कॉम्प्युटर काय एसटीची वाट बघतो व्हय?"

भुजंगनं प्रोग्रॅम उघडला अन् गारच पडला. तारीख उलटल्यावर अर्ज बाद करायचे होते. यानं घाईत, तारीख उजाडली की बाद, असं लिहून ठेवलेलं. अन् आता सगळ्या जागा भरलेल्या. खरं बोलावं तर नोकरी जाती.

"माझंच चुकलं," केवळाबाई म्हणाली, "आदल्या दिवशी यायचं होतं."

भुजंगनं उघडा प्रोग्रॅम हळूच बंद केला.