अकरा जीबीचं लग्न

माझं लग्न भरलं अकरा जीबी. एकच अखंड फाईल! शूटिंगवाल्यानं पाच महिने रखडवून दिली आणि मी लॅपटॉप घेऊन नवऱ्यासकट माहेरी, मांडवगणला सुटले. माझ्याहून जास्त घाई आईला होती. तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे खुटबावचे मामा, लग्नापासून तिच्याशी बोलत नव्हते. "व्याह्यांच्या चुलत्याला मानाचा फेटा, आन् नवरीचा मामा बोडका!" असं म्हणून जे गेले ते गेले. आई सांगायची, माईकवर तीनदा पुकारलं. मामा म्हणायचे, खोटं.

"रविवारी त्याच्याच टीव्हीवर लाव," आई म्हणाली. "मोबाईलवर न्हाई. रुसवा चारचौघांत झालाय, चारचौघांतच निघंल."

मामांचा टीव्ही आणि आमचा एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेला. म्हटलं, इथं चालला की तिथं चालणार. बत्तीस जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. फॉरमॅट करताना तीन पर्याय आले: फॅट थर्टीटू, एनटीएफएस, एक्सफॅट. पहिला घेतला, तर फाईल जाईचना. अहो, बत्तीसमध्ये अकरा मावत नाहीत? नवऱ्यानं मोबाईलवर वाचून सांगितलं, ड्राइव्ह केवढाही असो, ह्या प्रकारात एकेक फाईल चार जीबीच्या आतलीच लागते. मग एनटीएफएस केलं. फाईल सुळकन गेली, पण टीव्ही ढिम्म. एक्सफॅट केलं. तरी ढिम्म! त्या ठोंब्याला फक्त पहिला प्रकार कळत होता. दरवेळी सगळं पुसलं जाईल अशी धमकी यायची आणि मी 'पूस बाई, पूस' म्हणत ओके दाबायची. नवरा हसून हसून लोळायचा बाकी होता.

शेवटी परत फॅट थर्टीटू केलं आणि लग्नच कापायला बसले. माझी एंट्री ठेवली. माझी नऊवारी ठेवली. माझं लाजणं तर दोन्ही कॅमेऱ्यांतून ठेवलं! आहेराचा तासभर मात्र न बघताच उडवला. टॉवेल-टोपी कोण बघतंय? फेटे सकाळीच बांधतात असं माझ्या डोक्यात. सकाळीही आणि आहेराच्या वेळीही मी पार्लरवालीपुढं डोळे मिटून बसलेले, मला काय कळणार?

रविवारी दुपारी मामांच्या घरात अख्खी भावकी दाटीवाटीनं बसली. मामा दाराशी, आईकडं पाठ करून. टीव्ही लागला, मी लाजले, सगळे हसले. सकाळचे फेटे आले, पण ते नवरदेवाच्या मित्रांचे. मग अक्षता पडल्या आणि पाठोपाठ एकदम माझी पाठवणी.

"मानाचं फेटं आहेराच्या टायमाला व्हतं," आई हळूच म्हणाली. "ते कुठंय?"

मामा उठले. "बघितलं का? दावायला काय न्हाईच!"

"मामा, बसा! तुम्हाला माझी शपथ!" मी ओरडलेच. नवरा गाडीकडं लॅपटॉप आणायला पळाला. अख्खी फाईल त्यात होती. तिचे त्यानं तीन तुकडे केले, तिन्ही चारच्या आतले, आणि एकाच पेन ड्राइव्हवर तिन्ही बसवले. इतकं सोपं! मला घरी का सुचलं नाही? लाजायच्या नादात, दुसरं काय.

दुसऱ्या तुकड्यात आहेर निघाला. माईकवर स्पष्ट ऐकू आलं, "नवरीच्या मामांनी फेट्यासाठी यावं." एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पुकारलं आणि कॅमेरा फिरला पंगतीवर. तिथं मामा, बाह्या सरसावलेले, हातात मठ्ठ्याची बादली, "घ्या पाव्हणं, लाजू नका" म्हणत वाढतायत. पंगतीशेजारच्या जनरेटरच्या धडधडीत त्यांना माईक काय ऐकू येणार! आणि त्यांच्या मागून आई चाललेली. काखेत फेट्याचं कापड, नवी पैठणी चिखलात, ज्याला त्याला विचारत, "माझा भाऊ बघितला का?" दोघं दोन हातांवरून एकमेकांना चुकले.

मामांनी डोळे पुसले, तेही उघड उघड.

"आक्का, त्यो फेटा हाय का गं?"

आईनं पिशवीतून काढला. मामा लहान पोरासारखे तिच्यापुढं मांडी घालून बसले. आईला फेटा बांधता येत नाही. तिनं नुसता गुंडाळला, एक कान झाकलेला, शेव नाकावर. भावकी हसून बेजार झाली. आम्ही निघेपर्यंत मामांनी तो काढला नाही.