गुडघा वाकेना

"तुमचं लिगामेंट पूर्ण तुटलंय," असं म्हणत डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली. मला तिच्यात काळ्या-करड्या ठिपक्यांशिवाय काही दिसलं नाही. आमचे हे, सुधाकर, माझ्यामागे उभे होते. त्यांनी विचारलं, "हाड तर ठीक आहे ना, साहेब?" हाड ठीक होतं. आम्हा दोघांनाही एकदम हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं किती भोळं होतं, ते पुढच्या वर्षभरात कळलं. ज्यांच्या गुडघ्याला असंच काही झालं आहे आणि जे आत्ता एखाद्या दवाखान्याच्या बाकावर बसून मोबाइलवर 'कधी बरं होईल' असं शोधत असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. धीर द्यायला नाही. तो माझ्याकडेच फारसा उरलेला नाही. पण काय काय होऊ शकतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

मी खो-खो खेळणारी. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात होते. लग्नानंतर कोराडीला आले, कारण सुधाकर तिथल्या वीज केंद्रात आहेत. कॉलनीजवळच्या शाळेत मी मुलींना खो-खो शिकवायची. दुखापत झाली तीही शिकवतानाच. खांबाला हात घालून वळायचं कसं, ते दाखवत होते. पाऊल मातीत रुतून राहिलं आणि अंग तेवढं वळलं. गुडघ्यातून 'टक' असा आवाज आला. जवळच्या मुलींनाही तो ऐकू गेला.

संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. जो तो म्हणाला, मुका मार आहे. पट्टी बांधली, पाय उशीवर ठेवला, सूज उतरली आणि मी पुन्हा चालायला लागले. मग एक दिवस जिना उतरताना गुडघा आतून निसटला. मी कठडा धरला म्हणून वाचले. तसंच पुन्हा झालं, तेव्हा नागपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. दुखापतीच्या वेळी आवाज, लगोलग सूज आणि नंतर चालताना गुडघ्याने दगा देणं, असं झालं तर मुका मार म्हणून घरी बसू नका.

तुटलं होतं ते एसीएल, म्हणजे अँटीरिअर क्रुशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा हा दोर. सोबत मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादीही, थोडी फाटली होती.

डॉक्टर म्हणाले, "साधं चालणं-फिरणं असेल तर काहींचं ऑपरेशनशिवायही भागतं. तुम्हाला मैदानावर परत जायचंय का?"

मी म्हटलं, "दुसरं काय येतं मला?"

ऑपरेशनमध्ये माझ्याच मांडीमागच्या स्नायूला हाडाशी जोडणारी एक दोरी, म्हणजे कंडरा, घेऊन तुटलेल्या दोराच्या जागी बसवली. डॉक्टर म्हणाले, सगळं छान झालं. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीच्या खोब्रागडे मॅडम खाटेजवळ आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणं अगदी घरच्यासारखं. त्यांनी माझ्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि मांडी आवळायला सांगितली. मी आवळली. मांडी हललीच नाही. इतकी वर्षं पळालेली मांडी, तिला माझं म्हणणं ऐकूच गेलं नाही. तिथे मी पहिल्यांदा घाबरले.

"होते असं. रोज सांगत राहा तिले, ऐकते मंग," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी एक नियम दिला, तो मी अजून पाळते. "ताणल्यावानी वाटलं तर चालते, ताई. टोचलं, सुरी खुपसल्यावानी झालं तर थांबा. अन् आजच्या व्यायामानं उद्या सकाळी सूज वाढली, म्हणजे आपण जास्त केलं. मंग उद्या कमी."

मी खेळाडू होते. शिस्त मला शिकवावी लागत नाही. पाय सरळ ठेवून उचलणं, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणं, नंतर फडक्यात गुंडाळून बर्फ, सगळं सांगितलं तेवढंच केलं. आगाऊपणा केला नाही आणि आळसही केला नाही.

गुडघा मात्र वाकेना.

फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या पलंगावर एक आजोबा यायचे. त्यांचा अख्खा गुडघा बदललेला. त्यांची टाच हळूहळू मागे सरकत गेली. ते मला दाखवायचे, "पाहा पोरी, आज इथपर्यंत आली." मी हसायची. माझी टाच महिनाभर एकाच जागी अडली होती. काटकोनसुद्धा होत नव्हता. मॅडम हाताने दाब द्यायच्या तेव्हा आत लाकडाला लाकूड लागल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, आर्थ्रोफायब्रोसिस. म्हणजे ऑपरेशननंतर सांध्याच्या आत व्रणाचं चिवट जाळं वाढतं आणि सांधा जखडतो. मी विचारलं, "माझं काय चुकलं?" ते म्हणाले, "काही नाही. काहींचं शरीर व्रण जास्त धरतं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट सगळा आधारच गेला. चूक असती तर सुधारली असती. जिथे चूकच नाही तिथे काय सुधारायचं?

पुन्हा भूल दिली. दुर्बिणीतून जाळं कापलं आणि मी बेशुद्ध असताना गुडघा वाकवला. याला मॅनिप्युलेशन म्हणतात. शुद्धीवर आले तेव्हा पाय एका यंत्रात होता. ते यंत्र पाय आपोआप वाकवायचं आणि सरळ करायचं. गुडघा खरंच वाकत होता. सुधाकरांनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून माझ्या आईला पाठवला. पुढच्या काही आठवड्यांत मात्र हे मिळवलेलं वाकणं थोडं थोडं करून परत गेलं. तो व्हिडिओ मी त्यांना पुसून टाकायला लावला.

ज्याचा गुडघा वाकत नाही त्याचं घर बदलतं. शौचाला खुर्ची ठेवावी लागते. खाली पडलेलं उचलता येत नाही. कोराडीच्या बसमध्ये पाय मधल्या वाटेत पसरतो आणि येणारा-जाणारा त्याला अडखळतो. पौर्णिमेला बुद्धविहारात सगळे सतरंजीवर बसतात. मी मागे, भिंतीला लावलेल्या खुर्चीवर, म्हाताऱ्या बायांच्या रांगेत. एकीने विचारलं, "तुयं वय काय वं?" मी सांगितलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

शाळेने माझ्या जागी दुसऱ्या बाई नेमल्या. त्यांचंही बरोबर होतं, स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. मुली मला भेटायला घरी आल्या. हॉलमध्ये जागा कमी म्हणून जमिनीवर बसल्या. बसल्या तेही खो-खोत बसतात तशा, चवड्यांवर, टाचा उचलून, क्षणात उठता येईल अशा. सवयच ती. मला बघवलं नाही. डोकं दुखतंय म्हणून त्यांना लवकर पाठवून दिलं.

त्यानंतर मी व्यायाम सोडला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सुधाकर शिफ्टवरून येऊन विचारायचे, "आज जायचं नाही काय वं?" मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. एक दिवस म्हणाले, "काहून अशी करून राहिली? मले सांग तरी."

"कापून टाका म्हणावं हा पाय," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग म्हणाले, "मले यातलं काही समजत नाही. मी फक्त ऑटो आणू शकतो. उद्या आणतो. तुले बसायचं तर बस, नाही तर परत पाठवतो."

त्यांनी ऑटो आणला. मी बसले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणला. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. एके दिवशी बसले, ते उमेद आली म्हणून नव्हे. तो ऑटोवाला रोज रिकामा परत जाताना बघून लाज वाटली म्हणून.

खोब्रागडे मॅडमनी टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजला आणि मला दाखवला. ऑपरेशनची मांडी दुसरीपुढे काठीसारखी झाली होती.

"खोटं नाही सांगणार, ताई. गुडघा कदाचित एवढाच वाकेल. पण मांडी सुकून राहिली तुमची. ती गेली तर आता जे चालता, तेही जाईल."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणीतरी 'होईल सगळं ठीक' असं म्हटलं नव्हतं. मी मॅडमच्या खोलीतल्या टेबलावर खूप रडले. मॅडमनी दार लावून घेतलं आणि बाहेरच्या पेशंटांना थांबवलं. रडून झाल्यावर म्हणाल्या, "चला, पाय सरळ. उचला."

तेव्हापासून रोज करते. आधी खोलीतल्या खोलीत फिरून पाय गरम करणं, मग मांडी आवळणं, पाय उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, तेही गुडघा आत न पडू देता, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. उड्या नाहीत, झटक्याने वळणं नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली तर व्यायामाने जाईल म्हणून थांबायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा. तिथे रक्ताची गाठ असू शकते. या सगळ्या व्यायामाने गुडघा बरा होत नाही. अधिक वाईट होत नाही, इतकंच.

शेवटच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, "पळता येईल?"

"सपाट जमिनीवर वेगाने चाला. पण खो-खो विसरा," ते म्हणाले.

विसरा म्हणणं सोपं आहे. एका संध्याकाळी मी काठी घेऊन मैदानावर गेले. नव्या बाईंनी खुर्ची दिली. ऋतुजा नावाची माझी एक मुलगी सूर मारून उठत होती, वळत होती. वळताना तिचा गुडघा दर वेळी आत पडत होता. मी तिला हाक मारली. आजवर मी फक्त 'माझ्याकडे बघ' म्हणत आले होते. आता दाखवायला काही नव्हतं. शब्द शोधत, अडखळत सांगावं लागलं: गुडघा थोडा वाकव, भार दोन्ही पायांवर घे, एका पायावर गर्रकन फिरू नकोस, छोटी पावलं टाकत वळ. तिने करून बघितलं. चुकली. मी पुन्हा सांगितलं. अंधार पडेपर्यंत आमचं तेच चाललं आणि शेवटी तिचा गुडघा आत पडायचा थांबला.

घरी येऊन मी रडले, हेही सांगते. तिच्या पायांत जे आहे ते माझ्या पायांतून गेलंय, आणि ते परत येणार नाही.

कॉलनीत बाया विचारतात, "बऱ्या झाल्या का, ताई?" पूर्वी मी 'हो, आता ठीक आहे' म्हणायची. तसं म्हटलं की समोरच्याला बरं वाटतं. खोब्रागडे मॅडमनी मला जसं खरं सांगितलं, तसं आता मीही सांगते. नाही झाले म्हणते. ऐकणारी मग बहुतेक वेळा स्वतःच्या दुखण्याचं खरं काय ते सांगू लागते. आम्ही दोघी तिथेच रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बोलतो, आणि पाय भरून आला की मी तसं सांगून निघते.